पहिला सोडा बाईचा

पारनेर तालुक्यातल्या त्या बाजाराच्या गावी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला गेलो, तेव्हा एसटीतून उतरल्यावर दिसलेल्या पहिल्याच माणसाला शाळेचा रस्ता विचारला. डोक्यावरचं गाठोडं न उतरवता तो म्हणाला, "सरळ जावा. सोड्याचं दुकान लागंल. तितनं डाव्या हाताला वळलं की सोडाबाईंची शाळा." शाळेला तिच्या संस्थापकांचं भलंमोठं नाव होतं. ते कमानीवर कोरलेलं होतं आणि मुख्याध्यापक प्रत्येक कार्यक्रमात ते न चुकता संपूर्ण उच्चारत. गावाने मात्र ते कधी तोंडात बसवून घेतलं नाही. शाळा सोडाबाईंची ती सोडाबाईंचीच राहिली, आणि मुख्याध्यापकांना हे आतून फार खुपायचं.

सोडाबाई म्हणजे प्रमिला रत्नपारखी, आमच्या विज्ञानाच्या बाई. उंचीने बेताच्या, अंगावर कायम सुती साडी, पदर कमरेला खोचलेला आणि चालणं असं की बरोबर चालणाऱ्याला धाप लागावी. डाव्या भुवईतून एक पांढरी चीर गेलेली होती. सोडा भरताना बाटली फुटून काच लागलेली. कुणी हळहळलं की म्हणायच्या, "जाळीचा मुखवटा न लावता मशीनपाशी बसले होते. चूक माझी. बाटलीला कशाला नावं ठेवता?" त्यांच्या हाताला खडूचा आणि काळ्या मिठाचा असा मिळून एक वास यायचा.

त्यांच्या सासऱ्यांनी भिक्षुकी बंद करून बाजारपेठेत 'रत्नपारखी सोडावॉटर फॅक्टरी' काढली होती. फॅक्टरी म्हणजे एक खोली, गॅसचं सिलिंडर, हाताने फिरवायचं मशीन आणि गोटीच्या हिरवट बाटल्यांचे लाकडी खोके. दिवसा बाईंचे यजमान अप्पा दुकान बघत आणि शाळा सुटली की बाई. नगरच्या नातेवाइकांना या धंद्याची जरा लाज वाटे. लग्नकार्यात ओळख करून देताना ते 'यांचा बिझनेस आहे' असं मोघम सांगत. बाई तिथल्या तिथे दुरुस्ती करत. "बिझनेस कसला हो, सोडा आहे आमचा. गोटीचा. या कधी तिकडे, पाजते." मग ज्याला ओळख करून दिली तो हसायचा आणि नातेवाईक जेवणाच्या पंगतीकडे बघत राहायचे.

बाईंना एक खोड होती. कुठलीही वस्तू समोर आली की त्या विचारत, "नाव का?" म्हणजे हिला हे नाव का पडलं. हजेरीच्या मस्टरला मस्टर का, खिडकीच्या गजाला गज का, बदलीच्या ऑर्डरीला ऑर्डर का. मी मराठीचा शिक्षक, त्यामुळे हा मारा मधल्या सुट्टीत माझ्यावर. माझा चहा तिथल्या पाच वर्षांत कधी गरम पिऊन झाला नाही. वर्गात तर त्यांचा नियमच होता, "नाव विचारल्याशिवाय घोट घ्यायचा नाही." आणि हो, 'सोडा' या शब्दावरून एक विनोद मराठी माणसाला जन्मतः येतो, तो त्यांच्या वर्गात करणाऱ्याला फळा पुसावा लागे. "हा विनोद माझ्या सासऱ्यांच्या वेळचा आहे," त्या म्हणत, "आता त्याला पेन्शन द्या."

आठवीला त्या एक धडा शिकवत. तो पुस्तकात नव्हता. त्या दिवशी टेबलावर दोन वाट्या आणि एक बाटली असे. एका वाटीत धुण्याचा सोडा, दुसरीत भज्यांत घालायचा खायचा सोडा आणि बाटलीत प्यायचा सोडा. तिघांचं नाव एक कसं, हा प्रश्न. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास ऐकला. पोरांनी नाना उत्तरं दिली. बाईंनी सगळी ऐकून घेतली आणि मग सांगायला लागल्या. फार पूर्वी, कुठेतरी दूरच्या खाऱ्या किनाऱ्यांवर एक खुरटं झुडूप उगवायचं. ते जाळायचं, राख गोळा करायची. त्या राखेने काच बनायची, साबण बनायचा. त्या राखेचं नाव सोडा. पुढे कुणीतरी त्याच जातीची पूड पाण्यात घालून वर आंबट टाकलं, पाणी फसफसलं, आणि त्या पाण्यालाही तेच नाव पडलं. नंतर लोक गॅस थेट सिलिंडरमधून भरायला लागले. पाण्यातून सोडा गेला, नाव मागे राहिलं. "बाटलीत आता नुसतं पाणी आणि गॅस आहे. सोड्याचा कण नाही," बाई म्हणाल्या.

मागून एक पोरगा उठला. "म्हंजी बाई, आपन राखंचं नाव पितो व्हय?"

"व्हय," बाई त्याच्याच सुरात म्हणाल्या. "आणि घरी जाऊन आजीला विचार, पापडखार कशाचा करायचे. तीही झाडाची राखच. म्हणजे ही युक्ती आपल्या आज्यांनाही ठाऊक होती, त्यांनी तिला खार म्हटलं."

मग त्यांनी फळ्यावर बाण काढले. मराठीत सोडा आला इंग्रजीतून, इंग्रजीत त्याच्याही पलीकडच्या भाषांतून, आणि त्याच्या मागे, कुणी म्हणतं, त्या झुडपाचं एक अरबी नाव आहे. कुणी म्हणतं नाही. शेवटच्या बाणापुढे त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इथून पुढे माहीत नाही', आणि पोरांना ते वहीत उतरवायला लावलं. मी इतकी वर्षं शिकवतो आहे, पण फळ्यावर 'माहीत नाही' लिहिणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. त्या ओळीखाली त्या रेघही ओढत.

माझं आणि बाईंचं जमलं ते मात्र भांडणातून. मराठी भाषा दिनाला मी उत्साहाने इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द सुचवणारा तक्ता व्हरांड्यात लावला होता. त्यात सोड्याला मी 'वायुजल' असा प्रतिशब्द केला होता. शब्द मला फार आवडला होता, खोटं कशाला सांगू. बाई तक्त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "छान आहे सर. आता दुकानात जा आणि मागा."

मीही हट्टाने गेलो. अप्पा गल्ल्यावर पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "अप्पा, एक वायुजल द्या."

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे काळजीने पाहिलं. "ते मेडिकलमध्ये मिळेल," ते म्हणाले. "कुणाला काय झालंय?"

दुसऱ्या दिवशी ही गोष्ट शाळेला, गावाला आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांना माहीत झालेली होती. पुढे कित्येक महिने मी बाजारातून चाललो की कुणीतरी मागून 'वायुजल!' अशी हाळी देई. बाईंनी मात्र थट्टेवर विषय संपवला नाही. मला बसवून म्हणाल्या, "सर, तुमचा शब्द वाईट नाही. पण हा परका शब्द लोकांनी राबवून आपला केलाय. पोट दुखलं, सोडा. पाहुणा आला, सोडा. उन्हातून मुलगी बघायला मंडळी आली, सोडा. आणि आपण तो उघडतही नाही, फोडतो. शुभकार्याला नारळ फोडतो, तसा. इतकं काम केलेल्याला घराबाहेर काढू नये." मी तक्त्यावरची ती ओळ काढून टाकली. राग येऊनही त्यांचं पटत असे, ही त्यांची मोठीच अडचण होती.

आता एका वर्षीची गोष्ट सांगतो, ज्यामुळे बाई माझ्या मनात कायमच्या घर करून बसल्या.

गावात दारूचं परवान्याचं दुकान होतं, ऐन बाजाराच्या चौकात. ते बंद व्हावं म्हणून बायकांनी मतदान मागितलं. आमच्या भागात असं मतदान म्हणजे दोनच चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का. बाई शाळा सुटली की वस्त्यावस्त्यांवर फिरायच्या, आणि त्यांच्याबरोबर हिराबाई. हिराबाई बचत गटाची अध्यक्ष, मळ्यातली धडधाकट बाई. नवरा दारूपायी हातचा गेलेला, म्हणजे जिवंत होता, पण असून नसल्यासारखा. त्या दोघींनी मिळून ते मतदान अक्षरशः ओढून आणलं. आडवी बाटली जिंकली. हलगी वाजली, गुलाल उडाला, बायका रस्त्यावर नाचल्या. बाईंना शाळेत परीक्षेचं काम होतं, म्हणून त्या मिरवणुकीत नव्हत्या. मी होतो.

मिरवणूक दारूच्या दुकानासमोर घोषणा देऊन पुढे निघाली आणि सोड्याच्या दुकानाशी थबकली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ह्ये बी बंद करा! सोड्याबिगर कोन पितंय?" जिंकल्याचा जोर अंगात होता. बायका पायऱ्या चढल्या आणि भरलेल्या गोटीच्या बाटल्या खोक्यांतून काढून पायरीवर एकेक आडवी निजवू लागल्या. फोडली एकही नाही. मत दिलं होतं ना आडव्या बाटलीला, मग दिसेल ती बाटली आडवी. अप्पा गल्ल्यावर हात जोडून उभे होते, आपल्या हातून काय घडलं हे त्यांना कळत नव्हतं.

मी शाळेत निरोप धाडला. बाई आल्या. पायऱ्यांवर बाटल्यांची रांग पाहिली. सगळ्यांना वाटलं, आता तोफ सुटणार. पण बाई बाटल्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि हिराबाईला म्हणाल्या, "हिराबाई, बस. मला सांग, तुझ्या घरात सोडा म्हणजे काय?"

हिराबाई बसली नाही. मान खाली घालून म्हणाली, "बाई, तुमी आमच्याच हाव. तुमच्यासंगं मी वस्त्या पालथ्या घातल्या. पर खरं सांगू का? आमच्या घरात ह्यांनी सोड्याची बाटली आनली का पोरं आपली आपली उठून कोपऱ्यात जात्यात. अजून दारू पिशवीतच असती. सोडा दिसला का त्यांना कळतं, आता मार हाय."

हलगीवाल्याने हात थांबवला.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "उद्याच्या ग्रामसभेत हे मांडा, मी येते. तोवर बाटल्या अशाच राहू देत. आडव्या केल्या तरी सांडत नाहीत त्या, आतल्या गॅसने गोटी वर दाबून धरलेली असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिक्षकखोलीत बसून होत्या. मी चहा पुढे सरकवला. म्हणाल्या, "सर, ती खोटं बोलली असती तर मी भांडले असते. खोटं बोलली नाही, हेच लागलं मला. मी आठवीला तीन सोडे शिकवते. हा चौथा मला ठाऊकच नव्हता."

ग्रामसभा चावडीसमोर भरली. ठराव असा होता की सोड्याच्या दुकानाचा ना हरकत दाखला काढून घ्यावा. मला वाटलं होतं, बाई ते झुडूप, ती राख, तो सगळा इतिहास मांडतील. मी मनातल्या मनात त्यांची बाजू मराठीत सजवूनही ठेवली होती. त्यांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही.

"शब्दाचा अर्थ मी ठरवत नाही," त्या म्हणाल्या, "वापरणारे ठरवतात. हिराबाईच्या पोरांनी सोड्याचा एक अर्थ ठरवलाय आणि तो खरा आहे. माझं दुकान त्याला जबाबदार आहे का? आहे. आमच्या फ्रीजमध्ये प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटल्या आहेत. त्या माणूस पिशवीत घालून घरी नेतो. खपही त्यांचाच जास्त आहे. त्या आजपासून बंद." अप्पांनी मान वर केली. हा निर्णय त्यांना तिथेच, सगळ्या गावाबरोबर कळत होता. "राहिला गोटीचा सोडा. ती बाटली परत भरायची असते, म्हणून ती दुकानाबाहेर जातच नाही. उभ्याने प्यायची आणि बाटली ठेवून जायचं. ज्याला त्यात काही मिसळायचं असेल त्याने ते माझ्या डोळ्यांसमोर येऊन मिसळावं."

पुढे बसलेल्या दोघा-तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बायकांत खसखस पिकली.

"आणि आणखी एक. दुकानासमोर बाक टाकते. बाजाराच्या दिवशी पहिला सोडा बाईचा. बाकावरच्या बायकांचं पिऊन झाल्याशिवाय एकाही गड्याला सोडा मिळणार नाही, मग तो सरपंच का असेना. मला दिवाळीपर्यंत मुदत द्या. दिवाळीला हिराबाईने आपल्या पोरांना विचारावं, सोडा म्हणजे काय. उत्तर आजचंच आलं, तर दुकानाला कुलूप मी माझ्या हाताने लावीन."

सरपंच म्हणाले, "बाई, पोरांच्या तोंडावर धंदा लावताय व्हय?"

"शिक्षक आहे मी," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कशावर लावू?"

मुदत मिळाली. आता एक सांगायला हवं. आमच्या गावात बाईमाणूस दुकानासमोर बसून काही पीत नसे. चहासुद्धा नाही. बाजाराला आलेल्या बायका उन्हात भाजून निघत, पण पाणी पीत ते घरी जाऊन. त्यामुळे पहिल्या बाजारी बाक रिकामा राहिला. गडी समोर येऊन उभे राहिले, अप्पा त्यांना नाही म्हणत राहिले, आणि त्या दिवशी एकही बाटली फुटली नाही. दुसऱ्या बाजारी तेच. अप्पा हवालदिल झाले. बाई रोज शाळेत येत, तीन सोडे शिकवत, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाही दुकान वाचेल असं वाटत नव्हतं.

तिसऱ्या बाजारी हिराबाई आली. लेक बरोबर होती. पदर पुढे ओढून बाकाच्या अगदी कडेला बसली, जणू कधीही उठून पळता यावं. बाईंनी स्वतः अंगठ्याने गोटी आत दाबली. टॉक असा आवाज झाला, फेस वर आला. हिराबाईने घोट घेतला, गॅस नाकात गेला, ती शिंकली, आणि पाठोपाठ तिला असा दणदणीत ढेकर आला की समोरच्या भाजीवाल्याने मान वळवली. हिराबाईने पदर तोंडात कोंबला. मग तिला हसू आवरेना. तिची लेक तर बाकावर लोळायची राहिली. बघता बघता आणखी दोघी येऊन टेकल्या. त्या दिवशी गड्यांना सोडा मिळायला दुपार झाली आणि बाकावरून उठताना हिराबाई म्हणाली, "बाई, ह्यो तर पोटातला दगूड काढतोय की."

पुढे बाक पुरेना. बायका बाजाराच्या पिशव्या बाकाखाली सरकवून बसत, सुखदुःखाचं बोलत, ढेकरांच्या पैजा लावत. गडी लांब सावलीत तिष्ठत उभे. मी त्यांत असे, आणि मला बाईंचा, आमच्या शाळेतल्या बाईंचा, इतका अभिमान वाटे की शेजारच्याला सांगावंसं वाटे, मी यांच्या शाळेत शिकवतो.

दिवाळीनंतरच्या ग्रामसभेला गाव लोटलं होतं. सरपंचांनी हिराबाईला उभं केलं. बाई शेवटच्या रांगेत अप्पांशेजारी बसल्या होत्या आणि कुलूप खरोखरच त्यांच्या पिशवीत होतं. मी पाहिलं होतं.

हिराबाई म्हणाली, "काल रातच्याला पोरीला इचारलं, सोडा म्हंजी काय गं? ती म्हनली, बाजारच्या दिशी आयला ढेकर येतो, त्यो."

सभा हसली, हसता हसता टाळ्या वाजल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या.

पुढे माझी राहुरीला बदली झाली. बाई निवृत्त झाल्या. अप्पांचे गुडघे गेले तेव्हा बाईंनी मशीन हिराबाईच्या बचत गटाकडे दिलं, जाळीच्या मुखवट्यासकट. एका कंपनीचा माणूस येऊन मोठा चकचकीत बोर्ड फुकट लावून देतो म्हणाला होता, त्यावर 'कोल्ड्रिंक' लिहिलेलं होतं. बाईंनी त्याला आदराने बसवलं, सोडा पाजला आणि विचारलं, "नाव का?" तो बोर्ड घेऊन परत गेला.

गेल्या उन्हाळ्यात पारनेरला काही कामानिमित्त गेलो होतो, दिवस बाजाराचा, म्हणून वाट वाकडी केली. दुकानावर तीच जुनी पाटी होती. बाक आता तीन झाले होते, तिन्ही भरलेले, आणि मधल्या बाकावर पांढऱ्या केसांच्या, पार वाळून गेलेल्या बाई बसल्या होत्या. गोटी हिराबाईने दाबून दिली आणि बाटलीच्या मानेतली गोटी अडवायची खाच त्यांच्या बोटांशी नीट बसवून दिली. समोर गाडी लावून एक पाहुणा उतरला आणि घाईने सोडा मागू लागला. हिराबाईने त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "थांबा. आदी बायांचा." तो चडफडत सावलीत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

बाई सावकाश पीत होत्या. मला वाटलं, मुद्दामच. बाटली अर्धी झाली तेव्हा त्यांची नजर गड्यांच्या रांगेवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. भुवईतली ती पांढरी चीर वर गेली. ओळखलं की नाही अशी मला शंका होती, तेवढ्यात त्यांनी बाटली खाली घेतली आणि थकलेल्या, पण वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या त्याच आवाजात म्हणाल्या, "सर, रांगेत राहा. वायुजलवाले सगळ्यात शेवटी."

तिन्ही बाक हसले. दिवाळीच्या आत बाई गेल्याचा निरोप आला, तेव्हा मला आधी आठवलं ते हेच, की त्या दिवशी गाडीवाला पाहुणासुद्धा पिऊन निघून गेला आणि मी सगळ्यात शेवटी थांबून सोडा प्यालो.